काळी तीनचा भूप

क्षमा शाळेतून आली ती दप्तर कोचावर फेकूनच. सोमवारी तिची पेटीची परीक्षा होती. त्यात जमलं तर शाळेच्या वाद्यवृंदात पेटी मिळणार, नाहीतर वर्षभर मागच्या रांगेत उभं राहून कोरसमध्ये गायचं.

"आजी, मॅम म्हणाल्या, सगळ्यांनी सफेद एकपासूनच वाजवायचं. तबला त्याच सुरात असतो."

भानुमतीबाई मटार सोलत होत्या. "मग वाजव की. भूप तो भूप."

"तू मला काळी तीनपासून शिकवलंस! मैंने बजाया तो पूरी क्लास हँसी."

काळी तीन म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी. तिथे सा धरला की भूप रागाचे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच येतात. पांढरीला हात लावायचा नाही, चुकायची सोय नाही. भानुमतीबाई लग्न होऊन झाशीला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना असंच शिकवलं होतं. "आपल्याकडे काळी तीनच," असं त्या म्हणत. आमटीत गूळ हवाच, हे ज्या सुरात सांगत त्याच सुरात.

"सरक," म्हणून भानुमतीबाई स्वतः पेटीपुढे बसल्या. सफेद एक, म्हणजे पहिल्या पांढरीवर सा धरला. सा, रे, ग, आणि बोट सवयीनं शेजारच्या पट्टीवर गेलं. तिथे म होता. भूपात म नसतो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा म. शिवाय दोन-तीन पांढऱ्या पट्ट्या दाबल्या तरी खाली जाईनात.

"आजी, तू तो फेल!" इतका वेळ रडवेली झालेली क्षमा खदखदून हसली.

संध्याकाळी क्षमाचे वडील, सुजय, रेल्वेच्या वर्कशॉपमधून आले. त्यांनी पेचकस घेऊन पेटी उघडली आणि पट्ट्यांखालून काहीतरी वर्तमानपत्रावर झटकलं. अक्षता होत्या. कुंकवानं लाल झालेल्या, वाळून खड्यासारख्या.

"आई, ही घे आपली परंपरा."

भानुमतीबाई बघत राहिल्या. गणपतीत खोली माणसांनी भरलेली असे. सासूबाई मूर्तीपुढे हीच पेटी उघडून बसत, आणि मंत्रपुष्पांजली संपली की मागून सगळे त्यांच्या डोक्यावरून अक्षता टाकत. मूर्तीपर्यंत किती पोचत कोण जाणे. पांढऱ्या पट्ट्या अडायला लागल्या तशा सासूबाई काळ्यांवर गेल्या असणार. कारण कुणाला सांगितलं नाही, की त्यांनाच ठाऊक नव्हतं?

"पप्पा, म्हणजे अख्खं खानदान गलत बजा रहा था?"

"गलत नाही गं," सुजय म्हणाले, "जिथे जागा मिळाली तिथे बजा रहा था."

दोन दिवस आजी आणि नात पेटीला चिकटून होत्या. संथ लयीत क्षमाचा हात बसला. ताना घेतल्या की बोट म वर पडायचंच.

"ताना सोडून दे," भानुमतीबाई म्हणाल्या.

"त्याचे अलग नंबर आहेत, आजी!"

"तुला नंबर हवेत की पेटी?"

"पेटी."

"मग संथच वाजव. मोह झाला तरी धावायचं नाही."

सोमवारी भानुमतीबाईंनी डाळीत दोनदा मीठ घातलं. दुपारी क्षमा आली, बूट न काढताच आत.

"एकदा म लागला."

"थांबलीस?"

"नाही. तशीच पुढे गेले. मॅमनी विचारलं, तानें नहीं आतीं? मी म्हटलं, सफेद पर अभी नहीं आतीं."

"खरं सांगितलंस ते बरं केलंस. मग?"

"वाद्यवृंदातली पेटी आभाला दिली." क्षमा खाली बसून बूट काढायला लागली. "आणि मला सकाळच्या प्रार्थनेची. ती संथच असते ना. रोज मीच वाजवायची."

"रोज?"

"रोज. पण सगळ्यांच्या आधी जाऊन पेटी मांडून ठेवायची."

भानुमतीबाई उठल्या. "मग ऑटोवाल्या भैयाला आजच फोन कर. आणि उद्यापासून साडेपाचला उठायचं."

"साडेपाच!" क्षमा ओरडली. "आजी, कोरस काय वाईट होता?"