वायरीच्या मागोमाग

मार्चमधल्या त्या शनिवारी काही झालं तरी नवा राउटर बसवायचा, असं कुमुदनं ठरवलं होतं. जुना राउटर दिवसातून चार-पाच वेळा मान टाकायचा, आणि तो गेला की हॉलमधला कॅमेराही जायचा. ऑफिसात बसून फोनवरचा काळा चौकोन बघत राहणं तिला आता सोसत नव्हतं. त्या काळ्या चौकोनापलीकडे तिचे वडील एकटे असायचे.

मुरलीधर जगदाळे, वय एकोणऐंशी. मूळचे कोरेगाव तालुक्यातले. सव्वीस वर्षं फौजेत होते, सिग्नल्समध्ये लाइनमन. टेलिफोनच्या तारा डोंगरातून ओढायच्या आणि तुटल्या की पायी जाऊन शोधायच्या, हे त्यांचं काम. घरात त्यांना सगळे आबा म्हणत. आई गेल्यावर कुमुदनं त्यांना गाझियाबादला, वसुंधरातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, आणि हल्ली हल्ली आई गेली आहे हेसुद्धा. कामाला येणारी प्रभा बारापर्यंत घरात असायची. कुमुद शाळेच्या ऑफिसातून तीनला यायची. मधले तीन तास कॅमेऱ्यावर आणि दाराच्या सेन्सरवर निभायचे. दार उघडलं की कुमुदचा फोन कर्कश वाजायचा.

शनिवारी कुमुद घरी असायची, म्हणून प्रभाला सुट्टी. नवरा अविनाश शनिवारीही नोएडाला फॅक्टरीत. लेक तनया पुण्याला हॉस्टेलवर, ती फोनवरून सूचना देत होती.

"आई, आता नव्या वायफायचं नाव दिसतंय?"

"दिसतंय."

"चलो, पासवर्ड बदल. बॉक्सवर छापलेला ठेवू नकोस हं."

"आबांचं नाव आणि जन्मसाल ठेवू?"

"बिल्कुल नाही यार! ते तर कोणीपण गेस करेल."

कुमुदनं नाव बदललं, पासवर्ड बदलला. आता घरातल्या प्रत्येक वस्तूला नव्या वायफायशी नव्यानं ओळख करून द्यायची होती. कॅमेरा, दाराचा सेन्सर, टीव्ही. कॅमेऱ्यापासून सुरुवात केली, तर फोनवर आलं, इंटरनेट नाही. बघते तर भिंतीवरच्या मोडेमचा लाल दिवा लुकलुकत होता. तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आपके एरिया में पीछे से लाइन कटी है. शाम तक हो जाएगी."

"तनू, लाइन तुटलीय म्हणे बाहेर कुठंतरी," कुमुद म्हणाली.

खिडकीजवळच्या खुर्चीत आबा पेपर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कुठं तुटलीय?"

"माहीत नाही आबा. जोडतील संध्याकाळपर्यंत."

"कोण जोडतंय?"

"येईल कंपनीचा माणूस."

"लाइन जोडणारी पार्टी निघाली का पण?"

"आबा, प्लीज. पाच मिनिटं."

ती आतल्या खोलीत गेली. तिथं वायफाय पोचायचं नाही म्हणून एक एक्स्टेंडरही आणला होता. त्यासाठी कपाटामागचा प्लग मोकळा करायचा होता. कपाट सरकवताना मागं पडलेले जुने फोटो सापडले, तनयाला त्यातल्या एकदोनांबद्दल सांगून झालं, आणि पाच मिनिटांची पंचवीस कधी झाली ते कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. पेपर घडी करून ठेवलेला. बाथरूमचं दार उघडं, आत कोणी नाही. मग तिला दिसलं की बाहेरचं दार हातभर उघडं आहे.

चौकटीवरचा पांढरा सेन्सर जागच्या जागी होता. पण त्याला नव्या वायफायचं नावही अजून माहीत नव्हतं.

"आबा?"

तिनं गच्ची पाहिली. टाक्यांच्या मागं पाहिलं. कठड्यावरून वाकून, डोळे किलकिले करून तिनं खाली बघितलं. खाली फक्त पार्क केलेल्या गाड्या होत्या. जिन्यात एकेका मजल्यावर हाका मारत ती उतरली. तळमजल्यावरच्या विजयालक्ष्मी आंटी दारात आल्या.

"अंकल? मैंने तो नहीं देखा. क्या हुआ, कुमुद?"

"घर में नहीं हैं."

गेटवरचा गार्ड खुर्चीत नव्हता. कुमुद चपलांशिवाय धावत होती हे तिला पार्कच्या खडीवर कळलं. पार्कात नव्हते. देवळात नव्हते. भाजीवाला म्हणाला, इकडून कोणी गेलं नाही. औषधाच्या दुकानात तिनं फोनमधला फोटो दाखवला, दुकानदारानं मान हलवली. नंबर लिहिलेलं कार्ड गळ्यात घातलेलं आबांना आवडायचं नाही. ते सकाळीच त्यांनी काढून उशीखाली ठेवलं होतं, आणि तिनं ते पाहिलंही होतं. नंतर घालू म्हणाली होती.

तिनं पोलिसांच्या एकशे बारा नंबरला फोन केला. "उम्र? कपड़े? दिमाग़ी हालत?" ती सांगत होती. पांढरा पायजमा, तपकिरी स्वेटर. तपकिरी की निळा? सकाळी स्वतः घालून दिला होता आणि तिला रंग आठवेना. मग अविनाशला फोन.

"निघतोय, आत्ता निघतोय. पण तासभर लागेल गं. तू कालव्याकडे जाऊ नकोस एकटी."

तोवर तिच्या डोक्यात कालवा नव्हता. त्यानं म्हटल्यावर आला, आणि मग जाईना. मागच्या वर्षी त्या पाण्यातून काढलेल्या एका म्हाताऱ्या माणसाची पावलं तिनं बसमधून पाहिली होती. त्या पावलांवर आता आबांचे मोजे दिसू लागले.

परत आले असतील, या एका आशेवर ती धावत तीन मजले चढली. घर तसंच होतं. आंटी हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या, हातात पाण्याचा ग्लास. कुमुदनं तो घेतला नाही. टीव्हीच्या वर कॅमेऱ्याचा बारीक दिवा लुकलुकत होता. इंटरनेट नसलं तरी वीज होती. तिला एकदम आठवलं, कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड आहे. फोनपर्यंत पोचत नसलं, तरी आत लिहिलं जात असणार.

कार्ड नखानं निघेना. आंटींनी केसातली पिन काढून दिली. लॅपटॉपमध्ये घालताना कार्ड कुमुदच्या हातून दोनदा खाली पडलं.

अकरा वाजून सोळा मिनिटं. आबा खुर्चीतून उठतात. पेपरची घडी करतात. चपलांच्या कपाटाचा खण उघडून पक्कड काढतात. भिंतीशी येऊन ते मोडेमला लागलेली काळी वायर दोन बोटांत धरतात आणि बोटं सरकवत सरकवत खिडकीपर्यंत जातात. बाहेर डोकावून बराच वेळ बघतात. कानटोपी घालतात. दार हळूच उघडतात, आवाज होऊ नये असं. आतल्या खोलीतून कुमुदचं हसणं ऐकू येतं.

"वायर के पीछे गए हैं," ती आंटींना म्हणाली.

खिडकीतून निघालेली वायर ग्रिलला गुंडाळून कोपऱ्यावरच्या खांबाला गेली होती. तिथं तशा पन्नास वायरी होत्या, जुन्या घरट्यासारख्या गुंतलेल्या. त्यातून एक जुडगा निघून पुढच्या खांबाला, तिथून त्याच्या पुढच्या. कुमुद वर बघत पळत होती. दोनदा स्कूटरवाल्यांनी शिव्या दिल्या. चौथ्या खांबापाशी तिनं इस्त्रीवाल्याला विचारलं.

"टोपीवाले बाबा? हाँ, गए थे. ऊपर देखते-देखते जा रहे थे. मैंने पूछा भी, बोले ड्यूटी पर हूँ."

"किधर?"

त्यानं मोठ्या रस्त्याकडे बोट केलं.

मोठ्या रस्त्यावर आठ दिवसांपासून खोदकाम चाललं होतं. पाण्याचे मोठे पाइप टाकायचे होते. पत्रे लावले होते, पण पत्र्यांमध्ये माणूस जाईल एवढी फट होती. जेसीबी उभा होता, चालक नव्हता. कामगार पलीकडे झाडाखाली जेवायला बसले असावेत. तिथं येऊन वायरींचा जुडगा जमिनीत शिरत होता.

कुमुद फटीतून आत शिरली आणि खाली बघितलं.

दीड पुरुष खोल चर. तळाशी चिखल आणि घोटाभर पाणी. त्यात आबा उभे होते, टोपीसकट. एका पायात चप्पल नव्हती. जेसीबीच्या दातांनी मातीतून अर्धवट उपटलेल्या वायरी त्यांच्या पुढ्यात लोंबत होत्या, बारीक काळ्या आणि त्यांच्यातच एक मनगटाएवढी जाड. जाड केबलची साल फाटली होती. आतून लाल आणि पिवळं दिसत होतं. आबांनी ती डाव्या हातात धरली होती आणि उजव्या हातात पक्कड होती.

घरात कॅमेऱ्याचा दिवा चालू होता. म्हणजे वीज होती. कदाचित याच केबलमधून.

"आबा! सोडा ते! हात लावू नका!"

त्यांनी वर बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती.

"कोण आहे? मागं हो. लाइनवर काम चालू आहे."

"आबा, मी कुमुद!"

"मागं हो म्हणतो ना!"

हा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. लहानपणी नाही, आईवर चिडतानासुद्धा नाही. तिनं रस्त्याकडे वळून, असेल तेवढ्या ताकदीनं "कोई है? बचाओ!" अशी आरोळी दिली. पण ट्रकचे हॉर्न चालू होते. मदत येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. बाजूला लाकडी शिडी लावलेली होती. ती उतरली. माती भसाभस ढासळून तिच्या खांद्यावर पडत होती. पाय पाण्यात बुडाला तेव्हा तिला वाटलं, आता, याच क्षणी, आपण दोघं. काहीच झालं नाही. पाणी नुसतं गार होतं.

तिनं आबांचं मनगट धरलं. त्यांनी ते असं हिसडलं की ती मागं चराच्या भिंतीवर आदळली. एकोणऐंशी वर्षांच्या हातात एवढी ताकद असेल असं तिला वाटलं नव्हतं. आपल्याच बापाची इतकी भीती वाटू शकते, हेही वाटलं नव्हतं. पक्कड लाल तारेपासून वीतभर लांब होती.

आता रागावून उपयोग नव्हता, रडूनही नव्हता. तिनं आवाज खाली आणला. तो तिलाही परका वाटला.

"यातली टेलिफोनची कुठली? मला कळत नाही. दाखवता का?"

आबा थांबले.

"नवीन आलायस?"

"हो."

"ही जाड न्हवं. ही बारकी." त्यांनी जाड केबल सोडली. ती भिंतीला घासून लोंबत राहिली आणि कुमुदनं श्वास सोडला. त्यांनी एक बारीक काळी वायर उचलली, तुटलेलं टोक तिच्या हातात दिलं. "धर घट्ट. हलू नकोस. आधी साल काढायची, मग तांबं उघडं करायचं, मग पीळ द्यायचा. सात पीळ."

"सात पीळ," ती म्हणाली, आणि एकेक पाऊल मागं सरकत राहिली, जाड केबलपासून लांब. ते वायर धरून तिच्याबरोबर सरकत राहिले.

आबांनी पक्कड चालवली. साल निघाली. आत पांढरे धागे होते, दोन बारीक काड्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये केसासारखं, काचेसारखं काहीतरी. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. पुन्हा साल सोलली. पुन्हा तेच.

"तांबं नाही यात," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी चराच्या भिंतींकडे पाहिलं, वरच्या पत्र्यांकडे, आपल्या अनवाणी पायाकडे. ओठ हलायला लागले.

"कुमे," ते म्हणाले, "ही कुठली तार आहे गं? आपण कुठं आहोत?"

तेवढ्यात वरून आवाज आला. मुकादम होता, हातात अर्धी पोळी. "अरे ओ मैडम! नीचे कैसे गए? हिलना मत! मोटे वाले में करंट है!"

मुकादम आणि दोन कामगार अशा तिघांनी मिळून आबांना वर घेतलं, मग तिला. मुकादम सारखा "बच गए, बच गए" म्हणत होता. अविनाश पोचला तेव्हा दोघं फूटपाथवर बसले होते. कुमुदनं आबांचा स्वेटर घट्ट धरून ठेवला होता, तो निळा होता, आणि अविनाशनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

घरी तिनं आबांचे पाय परातीत धुतले. त्यांच्या तळपायात खडा रुतला होता. तिच्या बोटात कसलंसं कुसळ टोचत होतं, ते दिसत नव्हतं. पाचच्या सुमारास लाइन जोडून कंपनीचा माणूस घरी दिवा तपासायला आला, त्यानं सांगितलं, तारेतल्या काचेचा तुकडा असेल, चोळू नका, डॉक्टरकडून काढून घ्या. मोडेमचा दिवा हिरवा झाला. अविनाशनं कॅमेरा जोडला, सेन्सर जोडला आणि तपासायला म्हणून दार उघडलं. फोन वाजला आणि कुमुद किंचाळली. आबा दचकून रडायला लागले. मग तिनंच त्यांना जवळ घेतलं.

सोमवारपासून प्रभा तीनपर्यंत थांबू लागली. शाळेनं कुमुदला दोन महिने उशिरा यायची सवलत दिली. आबांना त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. पण ते आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसत नाहीत. का, ते सांगता येत नाही त्यांना. "तिकडं नको," एवढंच म्हणतात. कुमुद घरी असली की ती आणि आबा स्वयंपाकघरात ओट्याला लागून बसतात. शेंगा सोलायला घेतात. ती दर दोन मिनिटांनी मान वळवून बघते, ते तिथंच असतात.