पाच ताऱ्यांचा गठ्ठा

“‘तुमचा तो लाल चौकोन उघडला की छातीत धडधडतं. जरा मवाळ रंग नाही का मिळाला?’” तक्रारताईंनी मत पुटपुटत वाचलं, ‘रंग’ या खान्यात टाकलं आणि पुढचं उघडलं. “‘ही बटणं ज्याने लावली त्याला माझ्यासमोर उभा करा.’ खाना बटणं. ‘पूर्वीचं बरं होतं.’ खाना...” इथे त्या नेहमीच अडायच्या. पूर्वीचं बरं होतं, याला खाना नव्हता. ते ‘इतर’मध्ये जायचं.

कंपनी संगणकाला विषाणूंपासून वाचवणारा प्रोग्राम बनवायची. तो वापरणारे लोक पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, अक्षरं यांबद्दल जे काही लिहून पाठवत, ते वाचून पाचांतल्या एका खान्यात टाकायचं आणि संध्याकाळी आकडे वर पाठवायचे, हे काम ताई एकोणीस वर्षं करत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. घरी नवरा “चहा जरा फिका झालाय” म्हणाला, तरी आता त्यांना राग येत नसे. मनातल्या मनात ‘इतर’ म्हणून त्या मोकळ्या होत.

मत लिहिणारा आधी एक ते पाच तारे द्यायचा. पाच तारेवाल्यांचं मत वाचायचं नाही, असा नियम होता. ते खूश, त्यांची मोजणी यंत्र करील. अकरा वर्षांपूर्वी मतांचे ढीग आवरेनात, तेव्हा ताईंनीच तो सुचवला होता. त्याबद्दल त्यांना सभेत शाबासकीही मिळाली होती. त्यांच्या नोकरीतली ती पहिली आणि शेवटची.

त्या दिवशी सकाळी मात्र त्यांचं बोट चुकलं. प्रोग्रामची नवी आवृत्ती दोन महिन्यांपूर्वीच आली होती, आज तिच्या मागोमाग ऑफिसच्या पडद्याचंही रूप पालटलं होतं आणि एका ताऱ्याचा गठ्ठा जिथे असायचा तिथे आता पाच ताऱ्यांचा होता. एकोणीस वर्षांची सवय. बोट नेहमीच्या जागी गेलं आणि भलताच गठ्ठा उघडला. तो बंद करणार, एवढ्यात वरची ओळ वाचली गेली.

“आपण सगळे मेहनत घेता, म्हणून तारे पाचच देतो. पण कृपया माझं म्हणणं ऐकावं.”

खाली सही होती, ‘आपला, निवृत्त घड्याळजी’. या गृहस्थांची तीन पत्रं होती. तिन्हींना पाच तारे.

पहिल्यात लिहिलं होतं, “अनोळखी फाइल दिसली की आपली खिडकी विचारते. इतकी वर्षं ‘राहू द्या’ उजवीकडे आणि ‘काढून टाका’ डावीकडे होतं. आता उलट झालंय. मी चाळीस वर्षं न बघता स्क्रू उचलले आहेत. माझं बोट बघत नाही, त्याला जागा पाठ असते. आज थोडक्यात वाचलो.”

दुसरं पत्र: “शेवटी व्हायचं ते झालं. माझी पत्नी जाण्याआधी हॉस्पिटलातून स्वतःच्या आवाजात सूचना रेकॉर्ड करून मला पाठवायची. किल्ल्या कुठे, कपडे धुण्याचं मशीन कसं लावायचं. असे आवाजाचे अकरा तुकडे संगणकावर आहेत. आपला प्रोग्राम त्यांना अनोळखी समजतो. काल मशीनचा तुकडा ऐकायला गेलो आणि उजवीकडचं बटण दाबलं. काढलेली फाइल तीस दिवसांत परत मिळते असं ऐकतो. ती जागा नव्या रूपात सापडत नाही. कुठे आहे ते कळवावं. फोन करणं सोयीचं असेल तर नंबर खाली दिला आहे. मी घरीच असतो.”

तिसरं दोन ओळींचं. “तीस दिवस काल झाले. आपण कामात असाल. आता त्रास देणार नाही.”

ताईंनी तारीख पाहिली. दुसरं पत्र एकेचाळीस दिवसांपूर्वीचं होतं. ती जागा त्यांना तोंडपाठ होती. डावीकडच्या तीन रेघा, मग ‘साधनं’, मग अगदी तळाशी ‘काढलेलं’. सांगायला एक मिनिट लागलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या उठून उगाच पाणी पिऊन आल्या.

मग डबा न उघडता त्या दुपारभर तोच गठ्ठा वाचत बसल्या. दोनशे चाळीस मतं झाली. त्यांतल्या एकसष्टांत तक्रार होती, तीही हात जोडून केलेली. कुणी संकोचाने पाच तारे दिले होते. कुणाला वाटलं होतं, दुखणं जितकं मोठं तितके तारे जास्त. सतरा जणांची काही ना काही फाइल त्या बटणापायी गेली होती आणि त्यांचे तीस दिवस अजून भरायचे होते.

चार वाजता सभा होती. नवी आवृत्ती सोमवारपासून सगळ्यांना सक्तीची करायची की नाही, हे आज ठरायचं होतं. साहेब ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, स्वभावाने वाईट नव्हते, फक्त घाईत असायचे.

“सरासरी चार पूर्णांक तीन,” साहेब म्हणाले. “लोकांना आवडलंय. कुणाला काही बोलायचंय?”

“मला बोलायचंय,” ताई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत त्या सभेत आकड्यांखेरीज काही बोलल्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. “बटणांची जागा पूर्वीसारखी करा. नाहीतर सोमवार पुढे ढकला. लोकांच्या वस्तू जाताहेत, साहेब.”

“आता सगळीकडे ‘काढून टाका’ उजवीकडेच असतं, ताई,” बटणं आखणारा म्हणाला. “महिनाभरात सवय होते.”

“अहो, महिनाभरात सवय होते आणि महिनाभरातच फाइल कायमची जाते. तेच तर सांगतेय.”

“पण खूश लोकांचं काय? नऊ हजार जणांनी पाच तारे दिलेत,” साहेब म्हणाले.

“ते खूश नाहीत, सभ्य आहेत. दोनशे चाळीस वाचले मी. एकसष्ट रडताहेत.”

“आणि उरलेले?”

“उरलेले अजून कुणी वाचलेच नाहीत.”

“पाच तारेवाल्यांना वाचायचं नाही, हा नियम कुणाचा?”

ताईंनी मान खाली घातली नाही. “माझा. चुकला होता.”

साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. “पुढच्या आवृत्तीत नक्की बघू. सोमवार मात्र आता हलत नाही, ताई. वरून ठरलंय.” आणि सभा रंगांवर गेली. पालथ्या घड्यावर पाणी. रंगांवर अर्धा तास चर्चा झाली.

ताई जागेवर येऊन बसल्या. पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते. उत्तर पाठवणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांनी फक्त वाचायचं होतं. त्यांनी त्या सतरा जणांना एकेक करून उत्तर लिहिलं. डावीकडच्या तीन रेघा, मग ‘साधनं’, मग अगदी तळाशी. मग घड्याळजींचा नंबर लावला.

“कोण?”

“तुमची पत्रं आज वाचली. उशिरा वाचली. चूक माझी आहे. तो तुकडा आता परत मिळणार नाही, काका.”

“वाचलीत ना?” म्हातारा आवाज म्हणाला. “मला वाटलं, तिकडे कुणी नाहीच.”

“उरलेले दहा आहेत ना? ते वाचवू या. संगणकासमोर बसताय का?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताईंनी सांगायला सुरुवात केली. डावीकडच्या तीन रेघा दाबा. दाबल्या? आता थांबा, ते उघडू दे. आता ‘विश्वासाच्या फाइली’. त्याच्यावर एकदाच. घाई नको. आता थांबा.

“ती पण असंच म्हणायची,” घड्याळजी मध्येच म्हणाले. “मशीनच्या तुकड्यात. ‘झाकण लाव. आता थांब, दिवा लागू दे.’ मला नेहमी घाई.”

ताई म्हणाल्या, “लागला का दिवा? हिरवी खूण आली का?”

“आली.”

“मग आता ती खिडकी त्या दहांबद्दल तुम्हाला कधीच विचारणार नाही.”

“फार उपकार झाले, ताई. थांबा, तुम्हाला पाच तारे देतो.”

“नका देऊ, काका. पाचवाल्यांचं इथे कुणी वाचत नाही. एकच द्या. एकवाल्यांचं मी वाचते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी आधी नीट बघितलं आणि मगच बोट ठेवलं. एका ताऱ्याच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर एक मत होतं. साहेबांच्या चार पूर्णांक तीनला त्याने काडीचाही फरक पडणार नव्हता.

“एक तारा. दहाही तुकडे जागेवर आहेत. रात्री सगळे ऐकले. कपडे हाताने धुतो, थोडेच असतात. आपला, निवृत्त घड्याळजी.”

रंग, बटणं, अक्षरं, वेग, इतर. ताईंनी पाचही खाने पाहिले आणि ते मत तसंच उघडं ठेवून त्या काल न उघडलेल्या डब्यातलं अन्न काढून टाकायला उठल्या.