साच्यात केलेली सही

काँक्रीटच्या साच्याच्या फळ्या उतरवायच्या दिवशी सकाळपासून एनिड आणि रॅल्फ एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. बोलणं आठवड्यापूर्वीच संपलं होतं, रॅल्फच्या एका वाक्यावर. "नगरपालिकेनं काम मला दिलंय, एनिड. भिंतीवर नाव एकच येईल."

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ही त्यांची चौथी चित्रभिंत. आधीच्या तिन्हींवर नुसतं रॅल्फ पेनफोल्ड. या खेपेला दोघांची नावं घालू, असं त्यानं त्यांची नेल जन्मली तेव्हा इस्पितळात कबूल केलं होतं, एनिडचा हात हातात घेऊन. आता म्हणत होता, त्या वेळची गोष्ट वेगळी.

रॅल्फ कागदावर चित्र काढायचा. एनिड तो कागद पालथा घालून थर्माकोलवर उतरवायची आणि तापलेल्या तारेनं कोरायची; त्याच साच्यात मग काँक्रीट ओतायचं. साच्यात खोल ते काँक्रीटवर उंच, साच्यात डावं ते भिंतीवर उजवं. कपडे वाळत घालणाऱ्या दहा बायांचे वीस हात तिनं असे उलटे कोरले होते, पायानं बाबागाडी हलवत. नेल झोपली की तार तापवायची, जागी झाली की विझवायची. तिच्या इवल्या मुठी बघूनच एका बाईच्या कडेवरचं पोर सुचलं होतं. ते रॅल्फच्या कागदावर नव्हतंच.

बारा मजली इमारतीच्या पायथ्याशी माणसं जमली होती, पण कौतुकानं नव्हे.

"आधी लिफ्ट चालू करा!" एक म्हातारी ओरडली. "भिंतीला कसली झालर लावताय?"

"आमच्या पाडलेल्या गल्लीचं चित्र आहे म्हणे," दुसरी म्हणाली. "मग गल्लीच ठेवायची होती की!"

नगरसेविका ओल्ड्रॉइडबाई टोपी सावरत ऐकू न आल्यासारखं करत होत्या. शेजारी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार उभा होता.

मुकादम डुगननं फळी ओढली आणि थर्माकोलचे लचके काढायला सुरुवात केली. एक कोपर बाहेर आलं, मग दंड, मग दातांत चिमटे धरलेलं तोंड.

"अगं, माझी आई अशीच धरायची चिमटे," म्हातारी पुटपुटली, आणि लगेच चिडून दुसरीकडे बघू लागली.

तेवढ्यात डुगन खाली वाकला, डाव्या कोपऱ्यातला तुकडा काढला आणि हसत सुटला. "पेनफोल्डसाहेब, हे वाचायला आरसा आणू का?"

कोपऱ्यात रॅल्फचं नाव होतं. एकट्याचं. काँक्रीटवर बोटभर उठून आलेलं, आणि उलटं.

एनिडला सगळं कळलं. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी ती नेलला पाजायला गेली होती, तेव्हाच यानं तार उचलली. कॅनव्हासवर करतो तशीच सही केली, सरळ. साच्याला त्याचा हात कधी लागला असता, तर अशी चूक झाली नसती.

जमाव खदखदला. रॅल्फ लालबुंद होऊन तिच्या कानाशी आला. "छिन्नी घे. वर आलंय, चार ठोक्यांत निघेल."

"तूच काढ."

"मला जमलं असतं तर तुला विचारलं असतं? कपचा उडेल, त्या बाईचा पाय जाईल." मग आवाज उतरवून, "एनिड, दोघांची नावं घालू. शप्पथ."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्पितळातही हाच चेहरा होता.

"हिनंच कोरलंय का हे सगळं?" ओल्ड्रॉइडबाईंनी डुगनला विचारलं.

"मी तर दुसऱ्या कुणाला कोरताना बघितलं नाही, बाई."

एनिडनं पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. रॅल्फनं सुटकेचा श्वास टाकला. ती मात्र त्याच्या नावापाशी गेलीच नाही. पोर कडेवर घेतलेल्या बाईच्या पायाशी गुडघे टेकून बसली आणि सपाट जागेवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरू लागली. सरळ.

"अगं, आणि माझं?"

"तुझं तू केलंयस. त्याला मी हात लावणार नाही."

"साहेब, जरा डावीकडे सरका," छायाचित्रकार म्हणाला, "कोपरा झाकला जातोय."

रॅल्फ सरकला नाही. उलट भिंतीला पाठ अधिकच टेकवली.

"सरका ना, साहेब!"

एनिडनं तोंडानं भुकटी फुंकली आणि दुसरं अक्षर घेतलं.