कार्मिनची सही

आलोशियसने कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला आणि टेबलावर ठेवून दिला.

"स्टॅम्प पेपर नाय?"

"नाही, अंकल. साधं संमतीपत्र आहे," प्रिस्का म्हणाली. हे ती चौथ्यांदा सांगत होती.

"मग उद्या या सहीवर कोणी बिल्डिंग उभी केली तर?"

प्रिस्काने डोळे मिटून घेतले. उमेळे गावात कागद पुढे आला की लोकांना आधी बिल्डर दिसतो, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण पुस्तकाचा सातबारा नसतो हे एका माणसाला किती वेळा समजवायचं? आलोशियसच्या वडिलांनी, सॅन्टन मास्तरांनी, पन्नास वर्षांपूर्वी गावातल्या एकेका विहिरीची माहिती गोळा करून पदरमोडीने छापली होती. विहिरी केव्हाच बुजल्या. पुस्तकाची एकुलती एक प्रत प्रिस्काच्या वाचनालयात उरली होती आणि तिचे कोपरे वाळवीने खाल्ले होते.

पानांचे फोटो काढून पुस्तकं नेटवरच्या ग्रंथालयात चढवायचं मशीन वाचनालयात दहा दिवसांसाठी आलं होतं. आज पाच वाजता टेम्पो ते घेऊन जाणार होता. सगळ्या वारसांच्या सह्या असल्याशिवाय पुस्तक मशीनवर ठेवायचंच नाही, असा नियम. आलोशियसच्या धाकट्या भावाने, ज्युडने, कॅनडाहून दोन मिनिटांत सही पाठवली. थोरल्याने नऊ दिवस खाल्ले.

शेवटी आलोशियसने पेन उचललं आणि सही केली.

"झालं ना?"

"कार्मिन आंटींची राहिली."

"बहिणीची कशाला? तिने हक्कसोड करून दिलीय कधीच."

"ती वाडीच्या जमिनीची, अंकल. पुस्तकाची नाही."

"बापाचंच ना सगळं? एकच ते."

प्रिस्का कागद उचलून उठली. आणखी पाच मिनिटं बसली असती तर तोंडातून भलतंच काहीतरी गेलं असतं.

राजोडीला कार्मिनच्या घरी पोचेपर्यंत तीन वाजले. कार्मिन ओट्यावर बसून वाळलेले बोंबील टोपलीत भरत होती. प्रिस्काने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि शेवटी पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "पुस्तकाचा हक्क तुमच्याकडेच राहतो, आंटी. आम्ही फक्त परवानगी मागतोय."

कार्मिनचा हात थांबला.

"माझ्याकडं राहतो? म्हनजे आता माझ्याकडं हाय?"

"हो. तुम्हा तिघांकडे. मास्तर गेले तेव्हापासून."

"मला कोनी बोललं नाय."

तिने हात धुतले, पुसले आणि कागद घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवत ती वाचत राहिली. प्रिस्काने पेनचं टोपण काढून पेन पुढे केलं. साडेतीन झाले होते.

"वाडीच्या वेळी भावानं बोट ठेवलं तिथं सही केली," कार्मिन म्हणाली. "कचेरीखाली रिक्षा थांबलेली. पाच मिन्टं पन लागली नाय." तिने पेन घेतलं, टोपण लावलं आणि प्रिस्काच्या हातात परत दिलं. "उद्या ये. परत विचार."

"आंटी, मशीन आज जातंय! सही द्यायचीच आहे ना तुम्हाला? मग आज काय आणि उद्या काय?"

"एक दिवस तरी हक्क माझ्याकडं राहू दे."

प्रिस्का ताडकन उठून स्कूटरपाशी आली. संतापाने तिला रडू यायचं बाकी होतं. दहा दिवस हेलपाटे घातले ते यासाठी? सगळ्या जगाला आजच कसं सुचतं? तिने मशीन चालवणाऱ्या फ्लॉईडला फोन लावला.

"मॅडम, टेम्पो आधीच आलाय. पॅक करू?"

ओट्यावर बोंबलांची टोपली तशीच पडली होती. कार्मिन दाराच्या चौकटीला टेकून कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत होती.

"नको," प्रिस्का म्हणाली. "आंटी उद्या सांगणार आहेत. उद्या ये म्हणावं टेम्पोवाल्याला."

"शिव्या मला पडतील."

"माझं नाव सांग."

"आणि उद्या बाई नाही म्हणाली तर?"

प्रिस्काने किल्ली लावली, पण स्कूटर सुरू केली नाही.

"तर नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच उत्तराची तिला भयंकर चीड आली.