शिवदासचा कबुलीजबाब

"लिहा साहेब, इरावतीबाईंचं फोनवरचं बोलणं मी चोरून ऐकलंय." शिवदासने रेडिओलहरी पकडणारा स्कॅनर हवालदारांच्या टेबलावर ठेवला. "रेकॉर्ड पण केलंय."

"काका, घरी जा ना. कशाला स्वतःची वाट लावून घेता?"

"गुन्हा नोंदवा."

घाटकोपरला शिवदासचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. हौशी रेडिओचा परवाना चाळीस वर्षांचा. दुसऱ्याचं खाजगी बोलणं कानावर आलं की तो काटा पुढे सरकवायचा. पण मार्चमध्ये समोरच्या सोसायटीतल्या इरावतीबाईंनी त्याच्या बायकोवर, शकुवर, पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. एकोणीस वर्षं त्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या शकुची पिशवी सोसायटीच्या गेटवर उलटी केली. काही सापडलं नाही, तरी तिची बाकीची कामंही गेली. ती विहारातही जाईना. "पंचशील घेताना 'न दिलेलं घेणार नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणू?" म्हणायची.

शिवदासच्या डोक्यात तिडीक गेली. बाईंचा जुना कॉर्डलेस फोन त्यानेच दुरुस्त केला होता. त्यावरचं बोलणं समोरच त्याच्या दुकानात सहज पकडता यायचं. हे वाईट आहे हे त्याला कळत होतं, तरी तो रोज दुपारी हावऱ्यासारखा ऐकत बसे. सतराव्या दिवशी बाई बहिणीला म्हणाल्या, "अगं, पाटल्या लॉकरमध्येच निघाल्या. आता सांगून कशाला शोभा करून घेऊ?"

वकिली करणारा भाचा सम्यक घाबरला. "मामा, चोरून ऐकणं गुन्हा आहे. तूच आत जाशील."

"मग काय ऐकलं ते पोलिसांना लिहावं लागेल ना?"



ठाण्यात बोलावलेल्या इरावतीबाई आल्या त्याच तणतणत. "माझ्या घरातलं ऐकतो हा! घ्या याच्यावर तक्रार!"

"घेतो मॅडम. काय ऐकलं तेही त्यात येईल," हवालदार म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. "राहू दे. नको तक्रार."

"माझी आहे ना," शिवदास म्हणाला. "माझ्यावरच."

त्या चेहऱ्यासाठी तो चार महिने जगला होता. त्याने डोळे भरून पाहून घेतलं.

हवालदारांनी जबाब लिहिला, वाचून दाखवला. शिवदासने सही केली. स्कॅनरला सील लागलं, परवानाही जमा झाला. आता दुपारी दुकानात बसून करायचं काय, हे त्याला सुचेना.

दाराशी वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. बाकावरची शकु उठली. तिने पदर सारखा केला.

"साहेब, ते लॉकरचं परत वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं. मागं ऐकू गेलं नसंल."