देवीला नवीन फूल

दिवाळीच्या आधी आमच्या सुनेने, तनयाने, फ्रीजचा भाजीचा खण रिकामा करून त्यात ट्युलिपचे कंद ठेवले. थंड देशातलं फूल. कुंडीत लावण्याआधी त्याला हिवाळा दाखवावा लागतो, आणि पेडण्यात हिवाळा फक्त फ्रीजमध्ये मिळतो. माझी बायको भाग्यलक्ष्मी रोज खण उघडून विचारायची, "गो, तुझे कांदे कधी उठतले?" भाजी मात्र तिने निमूट ओट्यावर ठेवली. तिथे ती सुकली. बोलणी मला बसली.

तनयाला बँकेची नोकरी सोडून घरामागे रोपवाटिका काढायची होती. हात चांगला होता तिचा. लहान कुंडीतली अबोली मातीच्या गोळ्यासकट उचलून मोठ्या कुंडीत अशी बसवायची, की झाडाला घर बदलल्याचा पत्ता लागत नसे. माझा मुलगा गौरेश मुरगावला बंदरात असतो. त्याने फोनवर ठाम मत दिलं, "आईला विचार." मीही तेच दिलं होतं. आमच्या घरात पुरुष ठामच असतात.

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "देवीचो प्रसाद घेवया. उजवो जालो तर सोड नोकरी. डावो जालो तर परत हो विषय नाका."

म्हणजे देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावातली लग्नं, विहिरी आणि ऑपरेशनं याच खात्याकडून मंजूर होतात. तनया हो म्हणाली, पण त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही.

कंद एव्हाना कुंड्यांत होते. सकाळी मातीवर बर्फाचे खडे ठेवूनही बरेचसे कुजले. एकच फुललं. लालभडक, बुटकं, पानांतून जेमतेम मान वर काढलेलं. नेमकं प्रसादाच्या आदल्या दिवशी. तनया त्याच्यासमोर बसून राहिली.

सकाळी कुंडीत नुसता देठ.

"पयलें फूल देवीचें," भाग्यलक्ष्मी ताट झाकत म्हणाली. तनयाने उरलेल्या देठाला पाणी घातलं. देवळापर्यंत गाडीत ताट बायकोच्याच मांडीवर होतं.

देवळातल्या पुजाऱ्यांनी, सखारामभटांनी, फूल उलटसुलट पाहिलं. "हें चलना, वहिनी. देवीक या फुलाची ओळख ना."

"मग आज जातली. जी फुलां लावतली, तिच्याच फुलाची पाकळी लावा."

पाण्याची वाटी तिनेच धरली आणि पाकळ्या एकेक करून दिल्या. भटांनी त्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "हे माये, ही सून नोकरी सोडूक..." इतक्यात उजवी पाकळी टपकन खाली.

भट थांबले. "गाऱ्हाणें पुराय जावंक ना. परत लावतां."

"देवीक घाय आसा. तुमकां कित्याक नाका?"

भटांनी पाकळी उचलून तनयाच्या ओंजळीत घातली. ती रडत होती. बायकोने तिच्या डोळ्यांना स्वतःचा पदर लावला आणि म्हणाली, "पुरो. आतां कागद घे आनी राजीनामो बरय."

चपला घालताना मी हळूच विचारलं, "दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या होत्यास?"

"डावी बरी भिजयली. उजवी बुडोवंक विसरलें."

"आणि देवी?"

"तिच्या मनांत नासतें तर सुकी पाकळीय चिकटून रावली आसती."

मी आत परत गेलो आणि देवीला पुन्हा एकदा नमस्कार केला. गुरुत्वाकर्षणाला वेगळा केला नाही, दोघांचं तिथे बरं जमलेलं दिसलं. बायकोला नमस्कार करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तिच्या हातातलं ताट घेतलं.

तनयाने प्रसादाची पाकळी केसांत खोवली. गाडीत बसेपर्यंत ती तिथूनही पडली. उजव्या बाजूला.