शिकंज्यातला लॅपटॉप

लॅपटॉपवरचा बाण आपोआप पळायला लागला, तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आप्पा, तिचे वडील, खिडकीपाशी खुर्चीत पेंगत होते. बाण मात्र डबीत कोंडलेल्या माशीसारखा पडद्यावर सैरावैरा धावत होता, नको त्या फायली उघडत होता, अर्धवट लिहिलेलं पुसून टाकत होता. तिने दोन्ही हात वर उचलून धरले. तरी तो थांबेना.

लॅपटॉप तिचा नव्हता, विमा कंपनीचा होता. नवरा गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर मिळालेली ही नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी बसून लोकांचे दावे तपासायचे, एवढंच काम. आप्पांना एकटं ठेवावं लागत नाही म्हणून ती या नोकरीवर खूश होती. पण मशीन हातात देताना ऑफिसातल्या वरिष्ठ बाई म्हणाल्या होत्या, "जपा हं. पडलं-झडलं तर तुमच्यावर." ते 'तुमच्यावर' तिच्या कानात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

तिने ऑफिसातल्या मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. सगळेजण त्याला डॉक्टर म्हणत, कारण त्याच्या टेबलावर कायम कोणीतरी आजारी पडलेलं असे.

"ताई, रडायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "टचपॅडचा ड्रायव्हर बिघडलाय. म्हणजे बोटाखालची ती पट्टी आणि आतला कॉम्प्युटर यांच्यामधला मध्यस्थ समजा."

"लग्न जमवणारा असतो तसा?"

"अगदी तसा. दोन्हीकडे थापा मारतोय. काढून टाकतो, नवा बसवतो."

त्याने आपल्या जागेवरूनच तिच्या मशीनमध्ये शिरून जुना ड्रायव्हर काढला, नवा घातला, मशीन बंद करून चालू करायला लावलं. बाण शहाण्यासारखा वागू लागला. दुपारी पुन्हा त्याच्या अंगात आलं. डॉक्टरने मग आधीचा ड्रायव्हर घालून पाहिला, आणखी कसले कसले प्रोग्राम चालवले. शेवटी त्याने विचारलं, "ताई, मशीन कुठे आपटलं होतं का? वाकलंय, फुगलंय, असं काही?"

"छे हो! जसं दिलंत तसंच आहे."

हे खोटं होतं. पुसताना तिला दिसलं होतं की टचपॅडची पट्टी एका बाजूने वर आली आहे आणि झाकण लावलं तरी फट राहते. तिने ते आपटलं नव्हतं, पण हे कोण मानणार? नव्या बाईच्या हातात मशीन आलं आणि महिन्याभरात फुगलं!

सांगितलं ते फक्त आप्पांना. आप्पांनी डोळे मिटून त्या उंचवट्यावरून बोट फिरवलं. "ओल धरलीय. दाबून ठेवलं की बसेल."

आप्पांनी उभं आयुष्य पुस्तकं बांधण्यात घालवलं होतं. दुकान गेलं, हात थरथरू लागले, पण पुस्तकं दाबायचा शिकंजा त्यांनी सोडला नाही. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात तो उभा होता. दोन जाड फळ्या, मधोमध लोखंडी मळसूत्र, वर फिरवायचा दांडा. त्याची करकर ऐकत ती लहानपणी झोपी जायची. खळीचा वास, कापडी पुठ्ठे, कागदाच्या कातरणांचा ढीग. तिला तिच्या पुस्तकांपेक्षा ती कातरणंच जास्त आठवतात. मळसूत्राचे आटे तेव्हाच झिजले होते. दांडा उलटा फिरवला की मळसूत्र मध्येच निसटे आणि वरची फळी धपकन खाली आदळे. म्हणून शिकंजा उघडताना दोन माणसं लागत. आप्पा दांडा फिरवत आणि चिमणी, म्हणजे ती, दोन्ही तळहातांनी फळी वर तोलून धरी.

"घाला मग तुमच्या शिकंज्यात!" ती हसत म्हणाली. भीती वाटली की तिला असंच हसू येई.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तिला ऑफिसात बोलावलं. टचपॅडच बंद करून टाकतो म्हणाला, माऊस घेऊन जा. लॅपटॉप सोबत आणा असं तो म्हणाला नाही, आणि तिनेही तो मुद्दामच नेला नाही. त्याच्या नजरेला पडला असता ना! चार्जिंगला लावून तशीच निघाली.

डॉक्टरने खणातून तिच्यासाठी चांगला माऊस शोधून काढला, तार पुसून दिली. "तुमच्या मशीनने माझी अब्रू घेतली, ताई. इतके ड्रायव्हर मी आजवर कुणाला घातले नाहीत."

त्याच्या त्या चांगुलपणानेच तिचं तोंड उघडलं. "एक सांगू? रागावणार नाही ना? त्याचं झाकण नीट लागत नाही. ती पट्टी खालून कोणी ढकलल्यासारखी वर आलीय."

डॉक्टरचा हात जागच्या जागी थांबला.

"कधीपासून?"

"आठवडा झाला असेल."

"ताई, तो ड्रायव्हर नाही. पट्टीच्या खाली बॅटरी असते. ती फुगलीय. आत गॅस भरलाय." तो उठूनच उभा राहिला. "कुठाय मशीन? चार्जिंगला? घरी कोण आहे? त्याला सांगा, बटण बंद करा, मशीनला हात लावू नका. दाबलं-बिबलं तर पेट घेईल."

दाबलं तर. तिने घरी फोन लावला.

आप्पांना ऐकू कमी येई, फोन ते उशिरा उचलत. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

"आप्पा, लॅपटॉप कुठाय?"

"काळजी करू नकोस, चिमणे. तुझं काम करून ठेवलंय. शिकंज्यात घातलाय."

"आप्पा, घराबाहेर या! आत्ताच्या आत्ता!"

"काय म्हणतेस? घट्ट? हो, हो. कागद कसा दबतो, हे उलट ढकलतंय. देतो अजून एक पीळ."

फोन बंद झाला.

ती पायऱ्या कशा उतरली ते तिला कळलं नाही. डॉक्टर मागून ओरडत होता, "ताई, मी गाडी काढतो, थांबा!" घर दोन गल्ल्यांपलीकडे होतं, ती थांबली नाही. चप्पल निसटली ती तिथेच राहिली. प्रत्येक वळणावर तिने आधी वर पाहिलं, धूर दिसतो का. लोक बाजूला होत होते. कोणीतरी विचारलं, "काय झालं हो?" ती धावतच राहिली.

दार उघडंच होतं. आप्पा शिकंज्यापाशी उभे होते, दांड्यावर दोन्ही हात, कपाळावर घाम. फळ्यांच्या मधून चार्जरची तार लोंबत होती. खोलीत गोडसर, नखांना लावायच्या रंगासारखा वास पसरला होता.

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. "आप्पा, सोडा ते. बाहेर चला."

"अगं, अर्ध्यावर सोडून?"

"हे पेटणार आहे, आप्पा!"

त्यांना ऐकू आलं की तिच्या चेहऱ्यावर दिसलं, कोण जाणे. ते तिच्याकडे आणि मळसूत्राकडे आळीपाळीने बघत होते. तिलाही तेच दिसत होतं. तसंच सोडून पळावं, तर दाब कायम, आणि खोलीभर कागद. एकटीने उघडावं, तर फळी निसटून त्या फुगलेल्या पोटावर आदळणार. त्यांना बाहेर काढायचं, तर दांडा कोणी फिरवायचा?

तिने फळीखाली तळहात लावले.

"हळू, आप्पा."

"मला शिकवतेस?" ते पुटपुटले.

करकर सुरू झाली. फळीच्या फटीतून गरम वाफ तिच्या मनगटांना लागत होती. आत काहीतरी बारीक कुरकुरत होतं, सुकलेल्या पानावर पाय पडावा तसं. मळसूत्र निसटलं. सगळा भार एकदम तिच्या हातांवर आला. खांद्यातून कळ गेली, पण तिने फळी खाली येऊ दिली नाही.

"धरलंयस?"

"धरलंय. फिरवा."

फट मोठी झाली तसा आप्पांनी दांड्याला आपला खांदा लावून फळी वर अडवली. तिने तार उपसून लॅपटॉप अलगद शेजारच्या खळीच्या जुन्या पातेल्यात सरकवला आणि पातेलं पुढे धरून अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं. मागे फिरून आप्पांना धरून बाहेर आणलं. ते पायरीवर बसले न बसले तोच फस्स असा आवाज झाला. पातेल्यातून आधी पांढरा धूर आला, मग त्यातून सुईसारखी उभी ज्वाळा. आप्पा बघत राहिले. त्यांनी पोरीच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

डॉक्टर ऑफिसातली वाळूची बादली घेऊन धावत आला आणि लांबूनच वाळू फेकू लागला.

"मी दाबलं," आप्पा म्हणाले. "तुझी नोकरी?"

"आधी मी लपवलं. ते मी सांगेन बाईंना."

अंगणात वाळू धुमसत होती. डॉक्टर काहीतरी विचारत होता, तिला ऐकू येत नव्हतं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही तळहात अजून वरच होते, आकाशाकडे, काहीतरी तोलून धरल्यासारखे.

"सोड आता, चिमणे," त्यांनी ते हात धरून खाली घेतले. "उघडलं आपण."